डेटाच्या पार्टिशनला एनटीएफएसच करा
१ टीबीची नवीन डिस्क, विंडोज आणि उबुंटू (लिनक्स) दोन्ही, मग डेटाचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा कप्पा) एक्सफॅट या फाईल सिस्टीमचं (म्हणजे डिस्कवर फाईली मांडायची पद्धत) करू का असं विचारलंय आणि वरच्या उत्तरात एकाने सरळ फॅट३२ ही दुसरी पद्धत सांगून टाकलीय. फॅट३२ सोडाच हो, ४ जीबीची एक फाईल त्यात मावत नाही, लग्नाचा व्हिडिओ टाकायला गेलात की तिथेच गाडी अडणार.

एक्सफॅट दोन्हीकडे चालतं हे खरंय, पण त्यात जर्नलिंग नाही. म्हणजे कसं, एनटीएफएस (विंडोजची फाईल सिस्टीम) किंवा एक्स्ट४ (लिनक्सची) काय बदलणार ते आधी वहीत टिपून ठेवतं, मधेच लाईट गेली तर चालू झाल्यावर वही बघून निस्तरतं (वही फाईलींच्या नोंदींची, आतल्या मजकुराची गॅरंटी नाही हां). आमच्याकडे गुरुवारची लाईट गेली, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, एक्सफॅटवर फोटो कॉपी होत होते, नंतर बघतो तर निम्म्या फाईली ० केबी! तेव्हापासून एक्सफॅट फक्त पेनड्राईव्हला.

उबुंटूतून एनटीएफएसवर लिहिता येतं, फक्त विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर शटडाऊन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं आणि मग लिनक्स ते पार्टिशन रीड-ओन्ली उघडतं, आणि आपण परमिशन शोधत बसतो. मी दोन संध्याकाळी घालवल्यात त्यात.

उबुंटूचं स्वतःचं पार्टिशन मात्र एक्स्ट४च. बीटीआरएफएस या लिनक्सच्या दुसऱ्या फाईल सिस्टीमचे स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं) वगैरे भारी आहेत पण पहिल्याच फेरीत नको.