अलमट्टीचा विसर्ग आणि आपला पूर: नेमके कोणते आकडे बघायचे?

कृष्णाकाठ_शिरोळ:
'अलमट्टीतून दीड लाख क्युसेक विसर्ग' असा मेसेज ग्रूपवर पडला (अलमट्टी म्हणजे आपल्या खाली, कर्नाटकात कृष्णेवरचं धरण; क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) की निम्मे म्हणतात पूर उतरणार, निम्मे म्हणतात फुगवटा येणार, म्हणजे पाणी मागे तुंबणार. ग्रामपंचायतीच्या आपत्ती समितीसाठी रोजचा तक्ता करायचा आहे. त्यात काय लिहायचं? आणि महाराष्ट्र-कर्नाटकाचं मिळून एखादं मंडळ आहे, की सगळं फोनाफोनीवर चालतं?

गेज_वही:
नुसत्या विसर्गावरून काही कळत नाही. अलमट्टीचे तीन आकडे एकाच वेळेचे हवेत: आवक, विसर्ग, पातळी. 11,574 क्युसेक सलग 24 तास वाहिले की 1 टीएमसी (एक अब्ज घनफूट) होतो. म्हणजे आवक 2 लाख आणि विसर्ग दीड लाख असेल तर दिवसात सुमारे 4.3 टीएमसी पाणी साठतंय. अशा वेळी 'दीड लाख सोडले' ही बातमी दिलासा देणारी नाही.

आपल्या बाजूला सांगलीचा आयर्विन पूल (इशारा 40 फूट, धोका 45) आणि कोल्हापूरचा राजाराम बंधारा (39 आणि 43). तिकडची पातळी मीटरमध्ये येते, इकडची फुटात, आणि दोन्हींचा शून्य वेगळा. त्यांची वजाबाकी करत बसू नका, प्रत्येक ठिकाणची चढ-उतार तेवढी बघा. आकड्यापुढे वेळ हवीच. सकाळचा मेसेज संध्याकाळी फिरतो आणि नसता घोळ होतो.

कोयनेचा '2100 क्युसेक' म्हणजे फक्त पायथा वीजगृहाचं पाणी. वक्र दरवाजे उघडल्याचं वेगळं कळवतात, ते महत्त्वाचं. राधानगरीचे सात दरवाजे मात्र स्वयंचलित. पातळी गाठली की आपोआप उघडतात, एकेकातून 1428 क्युसेक. तिथे 'जरा थांबून सोडा' म्हणायची सोयच नाही, म्हणून धरण भरत आलं की आधीच सावध व्हायचं.

लवाद_फाईल:
मंडळाचं विचारलंत, तर दोन्ही राज्यांचं मिळून असं मंडळ नाही. 1956 च्या आंतरराज्य जलविवाद कायद्याखालचे लवाद मुख्यतः पाणी वाटून देतात. कृष्णेच्या पहिल्या, बच्छावत लवादाने 75 टक्के विश्वासार्हतेचे (चारपैकी तीन वर्षं मिळेल असे) 2060 टीएमसी धरून महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700, आंध्रला 800 दिले. पुरात कुणी कुठला दरवाजा कधी उघडायचा, याचं रोजचं वेळापत्रक त्यात नाही. 2014 च्या आंध्र प्रदेश पुनर्रचना कायद्यातलं कृष्णा मंडळ तेलंगण आणि आंध्रापुरतं. आपल्याकडे दोन्ही राज्यांचे अभियंते आणि मंत्री बैठका घेतात, आकडे देतात-घेतात, पण दुसऱ्याच्या धरणावर हुकूम कुणाचाच नाही.

एकत्र कारभार बघायचा तर शेजारी तुंगभद्रा मंडळ आहे, 1953 पासूनचं. एक धरण, एक मंडळ, खर्चाची वाटणी. तरी ऑगस्ट 2024 मध्ये साखळी तुटून 19 नंबरचा दरवाजा वाहून गेलाच. मंडळ असलं तरी देखभाल सुटत नाही.

कृष्णाकाठ_शिरोळ:
मग 'पावसाळ्यात अलमट्टी 517 मीटरवरच ठेवा' या मागणीत दम आहे का?

गेज_वही:
2019 ला अलमट्टीतून पाच लाख क्युसेकच्या वर पाणी सुटत असताना आयर्विनला पातळी 57 फुटांवर गेली. म्हणजे खालचे दरवाजे उघडे असूनही पूर आला. राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीनेही त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. अतिवृष्टी, हरिपूरला वारणेचं आणि नृसिंहवाडीला पंचगंगेचं पाणी एकदम येणं, पूररेषेतली बांधकामं, पुलांचे भराव ही कारणं आधी बघा. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी मागे तुंबतं. शिरोळचा त्रास मुख्यतः तिथला.

लवाद_फाईल:
हे पटतं, पण अर्धंच. आज पूर्ण साठा 519.6 मीटरला आहे. कृष्णेच्या दुसऱ्या लवादाच्या 2010 च्या निवाड्यात 524.256 मीटरला परवानगी दिली, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या आदेशामुळे तो अजून राजपत्रात आलेला नाही. सुमारे साडेचार मीटर वाढल्यावर गाळ कुठे साचेल आणि फुगवटा कुठवर येईल, हा प्रश्न 2019 च्या पुराच्या हिशेबाने सुटत नाही. तो वेगळा अभ्यास आहे आणि दोन्ही राज्यांना मान्य असलेल्या नदीच्या छेदांवर (पात्राच्या आडव्या मोजमापांवर) व्हायला हवा. एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने नाकारायचं, असं चाललं तर वर्षानुवर्षं तेच.

तुमच्या तक्त्यात हिप्परगी बंधाऱ्याचा (कर्नाटकात, अलमट्टीच्या वर) विसर्ग आणि आपल्या तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्याची पातळीही घाला. राजापूर चढतंय आणि हिप्परगीचा विसर्ग तेवढाच, असं सलग दोन वाचनांत दिसलं तर मधे पाणी साठतंय, तहसीलला लगेच कळवा.