मदत हवी आहे : कार्यालयातील जुन्या संगणकाचे यूएसबी पोर्ट एकामागून एक बंद पडत आहेत

नमस्कार.

कोकणातील एका लहान पतसंस्थेच्या शाखेत मी लेखापालाचे काम पाहतो. शाखेतील ज्या डेस्कटॉपवर रोजकीर्द, पासबुक छपाई आणि डिजिटल सहीची कामे चालतात, त्याचे यूएसबी पोर्ट गेल्या वळिवापासून एकामागून एक निकामी होत चालले आहेत. यंत्र जुने आहे : एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर आणि विंडोज १०. मागील बाजूस चार आणि पुढील बाजूस दोन असे सगळे पोर्ट यूएसबी २.० चे आहेत. नवा संगणक घेण्यास संचालक मंडळाची तत्त्वतः संमती आहे, परंतु खरेदी मार्चअखेर आणि लेखापरीक्षण उरकल्यावरच होईल, त्यामुळे तोपर्यंत हेच यंत्र चालवणे भाग आहे.

सध्याची स्थिती अशी आहे. पुढचे दोन्ही पोर्ट पूर्ण मृत असून त्यांत पेनड्राइव्हचा दिवासुद्धा लागत नाही. मागचे दोन पोर्ट, म्हणजे नेटवर्क केबलच्या खोबणीखालील जोडी, फार विचित्र वागतात : त्यांत माउस दिवसभर विनातक्रार चालतो, पण त्याच पोर्टात पेनड्राइव्ह लावला की ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ असा संदेश येतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ (उपकरणाने बिघाड कळवल्याने विंडोजने ते थांबवल्याची खूण) दिसतो. डिजिटल सहीचे टोकन (सही साठवलेले पेनड्राइव्हसारखे उपकरण) तेथे कधी ओळखले जाते, कधी नाही. पासबुक प्रिंटर चालू असेल तर बहुधा नाहीच. उरलेली जोडी ठीक आहे, पण तेथे कीबोर्ड आणि प्रिंटर कायमचे जोडलेले असतात.

डिव्हाइस मॅनेजरमधून यूएसबी कंट्रोलर काढून संगणक पुन्हा सुरू केला, चिपसेटचा ड्रायव्हर नव्याने टाकला, वीज वाचवण्यासाठी पोर्ट बंद करणारी ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ ही सोयही बंद केली. प्रत्येक उपायानंतर काही तास सारे सुरळीत चालते आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. टोकन आणि पेनड्राइव्ह शेजारच्या टेबलावरील संगणकावर व्यवस्थित चालतात, तेव्हा दोष त्यांच्यात नाही. आणखी एक गोष्ट कदाचित उपयोगी पडेल : कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला उलटा हात लावला की बारीक झिणझिण्या येतात.

माझे प्रश्न असे : हा दोष विंडोजचा आहे की मदरबोर्डाचा? मदरबोर्डाचा असल्यास तो पसरत जाऊन हिशेबाचा डेटा धोक्यात येईल का? आणि स्वतंत्र वीज घेणारा हब किंवा आत बसवायचे यूएसबी कार्ड, यांपैकी कशावर पैसे खर्च करावेत?

प्रतिसाद : ‘सोल्डरगन’

धागाकर्त्यांनी लक्षणे नीट नोंदवली आहेत, त्यामुळे अंदाज बांधणे सोपे गेले. प्रथम विंडोजचा संशय फेडून टाका. संगणक सुरू होताना बायॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डातील मूळ प्रणालीच्या, पडद्यावर जा आणि पेनड्राइव्ह त्या संशयित जोडीत लावून तो बूटच्या यादीत दिसतो का पाहा. तेथे विंडोजही नसते आणि विंडोजचे ड्रायव्हरही नसतात. तेथेही तो दिसला नाही तर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकण्याचे कष्ट थांबवावेत.

माउस चालतो आणि पेनड्राइव्ह चालत नाही यात विसंगती नाही. माउस सेकंदाला १.५ मेगाबिट या सर्वांत कमी वेगाने बोलतो आणि त्याला वीजही नाममात्र लागते, यूएसबी २.० चा पेनड्राइव्ह ४८० मेगाबिटने बोलतो. संपर्कपट्ट्यांवर खाऱ्या हवेने गंज चढला असेल किंवा विजेचा दाब खाली येत असेल, तर संथ उपकरण निभावून नेते आणि वेगवान उपकरण आधी कोलमडते.

दाबाचा दोष पकडायचा असेल तर पोर्ट आणि उपकरण यांच्या मध्ये लावण्याचा छोटा यूएसबी मीटर घ्या. तो मल्टिमीटरची टोके पोर्टात खुपसण्यापेक्षा सुरक्षित आहे, कारण तेथे दोन पट्ट्या चुकून जुळल्या तर नवे संकट ओढवते. काही न जोडता सुमारे ५ व्होल्ट दिसतील. खरा आकडा भार दिल्यावरचा. तो ४.७५ च्या खाली जाऊ नये. यूएसबी २.० च्या पोर्टाने ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह द्यावा अशी अपेक्षा असते, आणि अनेक मदरबोर्डांवर पोर्टांच्या एकेका जोडीसाठी आपोआप पूर्ववत होणारा एक फ्यूज असतो. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो तापून अडवतो, थंड झाला की पुन्हा जोडतो. मात्र अशा प्रत्येक प्रसंगानंतर त्याचा रोध पहिल्याइतका कमी होत नाही. म्हातारा झालेला असा फ्यूज रिकाम्या पोर्टावर ५ व्होल्ट दाखवतो आणि टोकन लावताच दाब पाडतो. आपल्याकडे पोर्ट जोडीजोडीने बिघडत आहेत, यावरून माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे.

पुढच्या दोन पोर्टांसाठी कॅबिनेट उघडून मदरबोर्डावरील नऊ पिनांच्या खोबणीत बसलेली त्यांची केबल पाहावी. शेजारी तशीच दुसरी खोबण रिकामी असेल, तर संगणक बंद करून आणि वायर भिंतीतून काढून केबल तिकडे हलवावी. पोर्ट जिवंत झाले तर दोष पहिल्या खोबणीच्या फ्यूजचा, न झाले तर केबलचा किंवा पुढच्या पट्टीचा.

प्रतिसाद : ‘तिसरी पिन’

वरील विवेचन पटते, पण त्या झिणझिण्यांकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही, आणि माझ्या मते मूळ तेथेच आहे. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून झिरपणारा प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर सुमारे ११५ व्होल्ट, म्हणजे आपल्या २३० च्या निम्मे, तरंगत राहतात. प्रवाह अगदी अल्प असल्याने माणसाला फक्त झिणझिण्या येतात. पण प्रिंटर दुसऱ्या भिंतीवरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर असेल तर दोन्ही चालू असताना त्याची केबल जोडण्याच्या क्षणी हा फरक यूएसबीच्या तारांतूनच मिटतो, आणि वळिवात वीज कडाडते तेव्हा तोच मार्ग अधिक घातक ठरतो.

वायरमनकडून त्या सॉकेटची तिसरी पिन खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते का, हे मोजून घ्यावे. कोकणातील जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डा असून नसल्यासारखा होतो. त्यात पाणी घालण्याची जबाबदारी इमारतीत कोणाचीच नसते, हा सर्वत्र दिसणारा प्रकार आहे. संगणक आणि प्रिंटर एकाच यूपीएसच्या किंवा एकाच बोर्डाच्या सॉकेटवर घ्यावेत. हे केल्याशिवाय नवा संगणक आणला तर त्याचेही पोर्ट असेच जातील.

डेटाविषयी : यूएसबी पोर्ट गेल्याने हार्डडिस्कला थेट इजा होत नाही. तरीही ज्या यंत्राला विजेचे धक्के बसत आहेत, त्यातील हिशेबाची प्रत रोज नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावर ठेवावी. विंडोज १० चा सर्वसाधारण सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, म्हणून दुरुस्तीवर फार खर्च नको. आपल्या मदरबोर्डाच्या मागे जांभळी-हिरवी गोल पीएस/२ खोबण असल्यास जुना गोल पिनेचा कीबोर्ड तेथे लावावा. एक चांगला यूएसबी पोर्ट फुकट मोकळा होतो. मात्र तो संगणक बंद असतानाच जोडावा.

धागाकर्त्यांचे उत्तर

दोघांचेही आभार. बायॉसमध्येही पेनड्राइव्ह संशयित जोडीत दिसला नाही. मीटरवर रिकाम्या पोर्टात ५.०२ आणि टोकन लावल्यावर ४.४ व्होल्ट आले. पुढची केबल दुसऱ्या खोबणीत घालताच तेथील एक पोर्ट चालू झाला. दुसऱ्यातील जीभ तुटलेली आढळली. वायरमनने सांगितले की आमच्या टेबलाच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची तार आतच सुटलेली होती. ती जोडल्यावर झिणझिण्या थांबल्या. कीबोर्ड पीएस/२ वर आणि टोकन त्याच्या जागी नेले आहे. मदरबोर्डाच्या पीसीआय एक्स्प्रेस खोबणीत आत बसणारे यूएसबी कार्ड घ्यावे असे ठरत आहे, पण त्याला साटाचे (हार्डडिस्कला लागते तसे चपटे) वीज-टोक लागते आणि आमच्या एसएमपीएसवर ते शिल्लक नाही, फक्त चार पिनांचे जुने मोलेक्स टोक आहे. मध्ये जोड लावला तर चालेल का?

प्रतिसाद : ‘सोल्डरगन’

चालेल, परंतु साटाच्या बाजूचे टोक प्लॅस्टिक वितळवून ओतलेले असेल तो जोड घेऊ नका; त्यात तारा आत एकमेकींना टेकून पेट घेण्याचे प्रकार झालेले आहेत. ज्याच्या टोकावर तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेल्या स्पष्ट दिसतात, तो घ्यावा. त्याहून बरे म्हणजे कार्डच थेट मोलेक्स टोक असलेले शोधावे, तशीही मिळतात. नव्या कार्डावर टोकन आणि पेनड्राइव्ह घ्या, माउस त्या आजारी जोडीवरच राहू द्या, आणि त्या जोडीतील दुसऱ्या पोर्टात कोणी चुकून टोकन लावू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून ठेवा.