हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा जीएसटी अहवाल चुकला, तर जबाबदारी कोणाची?

धागाकर्ता : कर सल्लागार, सोलापूर

आपल्याकडील चादर-टॉवेलचे कारखानदार आणि गणवेश शिवणारे छोटे व्यावसायिक आता संगणकावरच हिशेब ठेवतात, आणि जीएसटीचे विवरणपत्रही त्याच सॉफ्टवेअरने काढलेल्या अहवालावरून भरले जाते. आकडे जुळले नाहीत की खापर हिशेबनिसाच्या माथी फोडले जाते. हे अन्यायाचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दोष बऱ्याच वेळा सॉफ्टवेअरच्या रचनेतच असतो.

सर्वांत गंभीर दोष असा की, अनेक सॉफ्टवेअरमध्ये विवरणपत्र भरून झाल्यानंतरही त्या महिन्याचे बिल उघडता येते, बदलता येते, एवढेच नव्हे तर काढूनही टाकता येते. भरलेला अहवाल जसाच्या तसा जतन होत नाही. तो दर वेळी नोंदींवरून नव्याने तयार होतो. ऑगस्टचे विवरणपत्र दाखल झाल्यावर डिसेंबरमध्ये कोणी ऑगस्टच्या एखाद्या बिलावर ग्राहकाचा जीएसटी क्रमांक घातला, तर ते बिल नोंदणी नसलेल्या ग्राहकांच्या रकान्यातून उठून नोंदणीकृत व्यापाऱ्यांच्या रकान्यात जाते आणि पडद्यावर साधी सूचनाही येत नाही. वहीत सारे व्यवस्थित दिसते, पण सरकारकडे मूळचीच नोंद राहते. तिकडे खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीत, ते बिल दिसत नाही आणि त्याला खरेदीवर दिलेल्या कराची वजावट मिळत नाही. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने दाखवलेल्या बिलांवरच वजावट मिळत असल्याने भुर्दंड त्या बिचाऱ्या खरेदीदाराला बसतो.

कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारेच सॉफ्टवेअर वापरावे लागते. एकल मालकीच्या आणि भागीदारीच्या कारखान्यांना हा नियम नाही. भरलेला महिना सॉफ्टवेअरने आपोआप कुलूपबंद करावा आणि नंतरची प्रत्येक दुरुस्ती चालू महिन्यातच दाखवावी, एवढी माझी मागणी आहे.

प्रतिसाद : ज्येष्ठ हिशेबनीस, अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहत

साहेब, आपल्याविषयी आदर राखून मी पूर्ण असहमती नोंदवतो. बिलाच्या खरेपणाची जबाबदारी कायद्याने करदात्यावर टाकली आहे, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यावर नाही, आणि ते योग्यच आहे.

२२ सप्टेंबर २०२५ च्या दरबदलाचे उदाहरण घेऊ. त्यापूर्वी चादरी-टॉवेलना नगामागे १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के कर होता; आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के आहे. अनेकांनी वस्तूच्या मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधील तिच्या मूळ नोंदीत, दर बदलला आणि काम संपले असे मानले. पुढे दरबदलापूर्वी विकलेल्या, प्रत्येकी १,२०० रुपयांच्या १० चादरी परत आल्या, तेव्हा क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद, नव्या दराने निघाली. मूळ बिलावर १२ टक्क्यांनी १,४४० रुपये कर होता. क्रेडिट नोटवर ५ टक्क्यांनी ६०० रुपयेच आला. क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दराने काढायची असते, हे हिशेबनिसाला ठाऊक असलेच पाहिजे. यंत्राने सांगावे ही अपेक्षा मला धोकादायक वाटते, कारण मग माणूस तपासणेच सोडून देतो.

प्रतिसाद : टॉवेल कारखानदार

मी कारखाना चालवतो, हिशेबाचे शिक्षण घेतलेले नाही, तरीही ज्येष्ठांना एक विचारावेसे वाटते. २,६०० रुपयांच्या चादरीवर बिलातच ५ टक्के सूट दिली, तर विक्रीमूल्य २,४७० होते आणि कर ५ टक्के, म्हणजे १२३ रुपये ५० पैसे लागतो. आमचे सॉफ्टवेअर सुटीपूर्वीची किंमत पाहून १८ टक्के, म्हणजे ४४४ रुपये ६० पैसे लावत होते. हिशेबनिसाने प्रत्येक ओळ हाताने तपासायची असेल, तर सॉफ्टवेअरसाठी दर वर्षी पैसे कशाचे मोजायचे?

दुसरी अडचण तिमाही विवरणपत्राची आहे. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या आम्हाला पहिल्या दोन महिन्यांची नोंदणीकृत व्यापाऱ्यांना दिलेली बिले वेगळ्या सुविधेतून आधीच पोर्टलवर देता येतात, आणि ती तिमाहीच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, पुन्हा द्यायची नसतात. आमच्या अहवालात मात्र ती सगळी परत येतात आणि आम्हाला एकेक करून वगळावी लागतात.

प्रतिसाद : सॉफ्टवेअर बसवून देणारा व्यावसायिक

महिना कुलूपबंद करण्याची सोय मी हाताळतो त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ती बंद ठेवा असे सांगणारे बहुतेक वेळा स्वतः मालकच असतात. सुताचे बिल दोन महिने उशिरा येते, वाहतुकीची पावती हरवते, कर्नाटकातील व्यापारी नंतर आपला क्रमांक कळवतो. अशा वेळी मागच्या तारखेची नोंद करता आली नाही, तर तेच मालक आमच्याकडे तक्रार करतात. सुटीपूर्वीच्या किमतीवरून कराचा दर ठरवण्याचा दोष मात्र मी मान्य करतो. तो सॉफ्टवेअरचाच आहे आणि त्याचे समर्थन करता येणार नाही.

धागाकर्ता

दोन्ही बाजूंचे म्हणणे विचारात घेऊनही मी माझ्या मतावर ठाम आहे. जबाबदारी कायद्याने करदात्यावर आहे हे मान्य. पण म्हणूनच त्याला दोष वेळीच दिसला पाहिजे. जुलै २०२५ च्या करकालावधीपासून जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरण्याच्या एकत्रित विवरणपत्रामधील, देय कराचे आकडे जीएसटीआर-१ वरून येतात आणि हाताने बदलता येत नाहीत. पूर्वी शेवटच्या क्षणी हिशेबनीस ३बी मध्ये आकडा सुधारत असे. तो मार्ग बंद झाला आहे. आता ३बी भरण्यापूर्वी जीएसटीआर-१ए, म्हणजे जीएसटीआर-१ च्या दुरुस्तीच्या अर्जामध्ये, दुरुस्ती करावी लागते, आणि तीही त्या कालावधीत एकदाच. म्हणून सुधारणेची खरी वेळ अहवाल काढतानाची आहे. क्रेडिट नोटचा दर मूळ बिलाशी जुळत नसेल, तर सॉफ्टवेअरने ती जतन करण्याआधी थांबवावे. माणसाचे तपासणे त्यामुळे सुटत नाही. कोणते बिल तपासायचे हे त्याला कळते.

उशिरा आलेल्या सुताच्या बिलासाठी मागचा महिना उघडण्याचीही गरज नाही. खरेदीची वजावट नंतरच्या महिन्यात, बिलाचे आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत घेता येते.

ज्येष्ठ हिशेबनीस

क्रेडिट नोट थांबवण्याची सूचना मला पटते. आपोआप कुलूप लावणे मात्र पटत नाही. विवरणपत्रात न जाणाऱ्या नोंदी वर्षअखेरपर्यंत मागच्या महिन्यांत कराव्याच लागतात. कुलूप लावायचेच असेल, तर ते विक्रीच्या बिलांना आणि क्रेडिट-डेबिट नोटांना लावावे. संपूर्ण वही बंद करू नये.