नुसत्या सवयीने तयारी होत नाही
‘मृत्यू पाहून पाहून नर्सच्या मनाची आपोआप तयारी होते’ हे मत मला पटत नाही. नुसत्या सवयीने माणूस निबर होतो, नाहीतर मरणाच्या दारातल्या रुग्णाच्या खाटेकडे जाणंच टाळू लागतो. शेवटच्या तासांत शरीरात काय घडतं हे नीट शिकवलेलं असेल तर खूप फरक पडतो. घशातली घरघर ऐकून नातेवाईक हादरतात. ती साचलेल्या स्रावांची असते, बेशुद्ध रुग्णाला तिचा त्रास बहुधा जाणवत नाही. हे ठाऊक असलेली नर्स त्याला अलगद कुशीवर वळवते, ओल्या बोळ्याने ओठ पुसते आणि नातेवाइकांशी धीराने बोलू शकते.

आणि मृत्यू झाल्या झाल्या तिला पुढच्या पेशंटकडे पिटाळणं तर फारच वाईट. अमेरिकेत जोनाथन बार्टेल्स या नर्सने ‘पॉज’ सुरू केला: मृत्यूनंतर सगळ्या टीमने मिनिटभर शांत उभं राहायचं. त्याला ना पैसा लागतो, ना जादा माणसं.