१६ डिसेंबरचा विजय दिवस सोसायटीत कसा साजरा करावा?

खारघरचा रहिवासी:
आमच्या सोसायटीत यंदा १६ डिसेंबरला विजय दिवस साजरा करण्याचे ठरले आहे, परंतु सांस्कृतिक समितीत दोन मते पडली आहेत. काहींच्या मते हा भारतीय सैन्याच्या विजयाचा दिवस असल्याने जवानांना मानवंदना आणि देशभक्तिपर गीते पुरेशी आहेत. हा बांगलादेशचा राष्ट्रीय सण असल्यामुळे तिथल्या लोकांविषयी काहीच न बोलणे योग्य नाही, असे इतरांचे म्हणणे आहे. शिवाय बांगलादेशचा स्वातंत्र्यदिन २६ मार्चला असताना विजयाचा दिवस वेगळा का, हेही मला नीट समजून घ्यायचे आहे. सूत्रसंचालन माझ्याकडे असून समोर बरीच शाळकरी मुले असतील, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

इतिहास शिक्षक, नौपाडा:
या दोन तारखांमधल्या नऊ महिन्यांतच दिवसाचा अर्थ आहे. आजचा बांगलादेश तेव्हा पूर्व पाकिस्तान होता. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत तिथले नेते शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीग या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळूनही पाकिस्तानच्या लष्करी राजवटीने सत्ता सोपवली नाही आणि २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात विद्यापीठाच्या वसतिगृहांपासून पोलिसांच्या बराकींपर्यंत हत्याकांड सुरू केले. २६ मार्च हा त्यानंतर झालेल्या स्वातंत्र्याच्या घोषणेचा दिवस आहे. देश प्रत्यक्ष मुक्त झाला तो १६ डिसेंबरला, जेव्हा तिथल्या पाकिस्तानी सैन्याचे प्रमुख जनरल नियाझी यांनी ढाक्याच्या रमणा रेसकोर्सवर भारताचे जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यासमोर शरणागतीच्या दस्तऐवजावर सही केली. मधल्या काळात सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले आणि मुक्तिवाहिनी, म्हणजे बंगाली स्वातंत्र्ययोद्ध्यांची फौज, लढत राहिली.

तिथल्या आनंदाला शोकाची किनार आहे, हे मुलांना अवश्य सांगावे. शरणागती तोंडावर आली असताना प्राध्यापक, डॉक्टर आणि पत्रकारांना घरांतून उचलून नेऊन ठार मारण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ डिसेंबर पाळला जातो. त्यानंतर दोनच दिवसांनी लोक ढाक्याजवळच्या सावारच्या राष्ट्रीय स्मारकावर फुले वाहतात आणि मग गावोगावी लाल-हिरवे झेंडे फडकतात. आपल्या निवेदनाची सुरुवात ३ डिसेंबरच्या पाकिस्तानी हवाई हल्ल्यापासून केली, तर हे केवळ १३ दिवसांचे भारत-पाक युद्ध होऊन बसते. माझ्या मते तो मुक्तियोद्ध्यांवर अन्याय आहे.

माजी सैनिक, ऐरोली:
गुरुजींशी मी सहमत आहे, मात्र आपल्या जवानांना मागच्या रांगेत बसवू नये. सोसायटीत कोणाच्या घरी १९७१ च्या लढाईतले कोणी असेल, तर पहिला मान त्यांचा असावा. मुलांना जमालपूरची लढाई सांगा. तिथल्या पाकिस्तानी तुकडीने शरण यावे, असे पत्र भारतीय सैन्याचे ब्रिगेडियर क्लेर यांनी पाठवले आणि ते जहुरुल हक मुन्शी या मुक्तियोद्ध्याने जिवावर उदार होऊन शत्रूच्या ठाण्यात पोहोचवले. उत्तरादाखल आलेल्या पत्रासोबत बंदुकीची एक गोळी होती. १० डिसेंबरच्या रात्री त्या तुकडीने वेढा फोडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तिची वाट अडवून उभी होती ती पहिली मराठा, म्हणजे आपली जंगी पलटण. पुढे टांगाईलला हवाई छत्र्यांनी उतरलेली २ पॅरा हीसुद्धा मूळची मराठा पलटणच होय. जमालपूरच्या या एका प्रसंगात बंगाली मुक्तियोद्धा आणि मराठी जवान दोघेही येतात, त्यामुळे समितीतल्या दोन्ही गटांना तो पटावा.

घोडबंदर रोडचा वाचक:
बांगलादेशातल्या ऑगस्ट २०२४ च्या सत्तांतरानंतर भारताशी त्या देशाचे संबंध ताणले गेल्यामुळे काही सभासद बांगलादेशच्या उल्लेखालाच हरकत घेतील, याची तयारी ठेवा. आजच्या मतभेदांसाठी १९७१ च्या मृतांना वगळणे मला तरी मान्य नाही. शरणागतीचे प्रसिद्ध छायाचित्र पडद्यावर दाखवलेत, तर त्या समारंभाला बांगलादेशच्या सैन्यातर्फे ए. के. खंदकर उपस्थित होते, एवढे जरूर सांगा. सोबत त्या काळातला नकाशाही लावा. पाकिस्तानचे दोन भाग भारताच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर होते, हे पाहिल्याशिवाय मुलांना पुढचे काही उलगडणार नाही.