डेंगीनंतरची केसगळती: आयुर्वेदाच्या दृष्टीने उपचार कोणत्या क्रमाने करावेत?

त्रिमूर्तीनगरची

नमस्कार. माझे वय ३४ आहे. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस मला डेंगी झाला आणि त्यातून मी पूर्ण बरी झाले. परंतु दिवाळीनंतर जे केस गळू लागले ते अजून थांबलेले नाहीत. चाईसारखा चट्टा कुठेही नाही, पण भांगाजवळचे केस सर्वत्र विरळ झाले आहेत. नागपुरातील एका पंचकर्म केंद्रात गेले असता तेथे नाडी पाहून लगेच शिरोधारेचे (कपाळावर औषधी तेलाची संथ धार धरण्याचे) पॅकेज सुचवण्यात आले. आहार, झोप किंवा मासिक पाळी यांविषयी एकही प्रश्न विचारला गेला नाही. सासूबाई घरीच माक्याचे तेल करू म्हणतात, तर मैत्रिणी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घे म्हणतात. आयुर्वेद या केसगळतीकडे कसा पाहतो आणि सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी सांगावे.

सक्करदरा_वैद्य

ताई, ताप आधी आणि गळती दोन-तीन महिन्यांनी, हा क्रम महत्त्वाचा आहे. शिरोधारेचा विचार तूर्त बाजूला ठेवा. झोप लागत नसेल, मन अस्वस्थ असेल, तर ती उपयोगी पडते. केसगळतीचा तो पहिला उपचार नव्हे.

आयुर्वेदात केस हा अस्थिधातूचा, म्हणजे हाडांच्या पोषणातून उरणारा, मल मानला आहे. आहारापासून रस, रसापासून रक्त, मांस, मेद आणि मग अस्थी अशा क्रमाने पोषण होत असल्यामुळे अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद असताना डोक्याला काहीही चोळले तरी केसांच्या वाट्याला फारसे येत नाही. केस का जातात, याचे सुश्रुतांनी केलेले वर्णन दोन टप्प्यांचे आहे. रोमकूपांत, म्हणजे केस उगवतात त्या छिद्रांत, शिरलेले पित्त वाताच्या साहाय्याने केस पाडते, हा पहिला टप्पा. त्यानंतर रक्तासह कफ ते रोमकूप अडवतो आणि नवा केस उगवत नाही, हा दुसरा. माझ्या मते सगळा उपचार या फरकावर उभा राहतो. ज्याचे केस गळत आहेत पण मुळाशी बारीक नवे केस दिसतात, तो रुग्ण पहिल्या टप्प्यात आहे आणि त्याला पित्तशमन व पोषण हवे. जेथे त्वचा गुळगुळीत होऊन अनेक वर्षे केसच आलेले नाहीत, तेथे लेप, रक्तमोक्षण (दूषित रक्त काढणे) अशा स्थानिक उपचारांचा विचार करावा लागतो आणि तरीही आश्वासन जपूनच द्यावे लागते.

तुमच्या बाबतीत तापाने पित्त वाढले आणि तापातील उपासमारीने व अशक्तपणाने वात वाढला, असे सकृद्दर्शनी दिसते. प्रथम भूक आणि कोठा सुधारावा. त्यानंतर आवळा, शतावरी, जेष्ठमध यांसारखी द्रव्ये प्रकृती पाहून द्यावीत, आणि तेल व नस्य (नाकात औषधी तेलाचे थेंब घालणे) त्याच्या जोडीला असावे. अति मीठ आणि अति क्षार केसांना बाधतात असे चरकांनी स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा सावजी रस्सा आणि तर्रीपोहे काही काळ कमी केलेत तर बरे, हे नागपूरकराला सांगणे जिवावर येते तरी सांगतो.

मेडिकलची_त्वचा_ओपीडी

मी ॲलोपॅथीची त्वचारोगतज्ज्ञ आहे. वरील क्रमाशी माझा फारसा वाद नाही. निरोगी अवस्थेतही दिवसाला साधारण ५० ते १०० केस गळतात. तीव्र तापानंतर वाढीच्या अवस्थेतील बरेच केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळू लागतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. मूळ कारण संपले असेल तर ही गळती बहुधा तीन ते सहा महिन्यांत आपोआप ओसरते. नेमक्या याच काळात लावलेल्या तेलाला श्रेय मिळते, मग ते माक्याचे असो वा जाहिरातीतले.

मात्र थोडी शंका घेणे आवश्यक आहे. गळती सहा महिन्यांपुढे गेली किंवा भांग रुंद होत गेला, तर आनुवंशिक प्रकारचे टक्कल तापाच्या निमित्ताने उघडे पडले आहे का, हे पाहावे लागते. त्यासाठी मिनॉक्सिडिलसारखे औषध लवकर सुरू करण्यात फायदा असतो, आणि केवळ घरगुती उपायांवर वर्ष काढले तर ती संधी जाते. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) या तपासण्या करून घ्या. पाळीत रक्तस्राव जास्त होत असल्यास फेरिटिन कमी निघणे अगदी नेहमीचे आहे.

बायोटिनची कमतरता क्वचितच आढळते. उलट त्याच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात, म्हणून गोळी घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. पूरक गोळ्या घेताना आपल्याच विदर्भातील एक उदाहरण लक्षात ठेवा. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातील गावांमध्ये २०२५ च्या आरंभी लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा आधी संशय पाण्यावर आणि शांपूवर गेला. पुढे रुग्णांच्या रक्तात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आढळले. सेलेनियम शरीराला लागते, पण जास्त झाले की तेच केस पाडते. केसांसाठीच्या अनेक गोळ्यांत ते असते, म्हणून वेष्टन वाचल्याशिवाय गोळी घेऊ नका.

इतवारीचा_काष्ठौषधीवाला

सासूबाईंचे तेल करायचे असेल तर ते नीट करा, कारण बहुतेक घरी खोबरेलात पाला तळला जातो आणि त्यालाच सिद्ध तेल म्हटले जाते. शास्त्रातील प्रमाण कल्क (औषधी वाटून केलेला लगदा) एक भाग, तेल चार भाग आणि द्रव सोळा भाग असे आहे. म्हणजे पाव लिटर तिळाच्या तेलाला एक लिटर माक्याचा रस आणि साधारण ६० ग्रॅम कल्क लागतो. कल्कासाठी आवळकाठी, जेष्ठमध, जटामांसी वाटून घ्यावी. आच मंद ठेवून सतत ढवळत राहावे. पाणी आटत आले की तेलाला फेस येतो. त्या वेळी तळाचा कल्क बोटांत वळून वात होते का ते पाहावे आणि ती विस्तवावर धरावी. चरचर आवाज आला तर पाणी शिल्लक आहे, आणि असे तेल काही दिवसांत खवट होते. कल्क काळा पडेपर्यंत थांबू नये, तो करपलेला असतो.

माका पांढऱ्या फुलांचा घ्यावा. देठ चुरडला की रस काळपट पडतो, ही त्याची खूण. पिवळ्या फुलांची वनस्पतीही माका म्हणूनच विकली जाते. धानाच्या बांध्यांजवळ तो भरपूर मिळतो, पण नाग नदीच्या काठचा फुकट मिळतो म्हणून तोडून आणू नये; त्या पाण्यात काय काय मिसळते ते सर्वांना ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट: चाईवर गुंज किंवा बिबा उगाळून लावण्याचे सल्ले दुकानात रोज ऐकू येतात. दोन्ही द्रव्ये ग्रंथांत आहेत, परंतु दोन्ही विषारी गणली जातात आणि शुद्धीशिवाय वापरली जात नाहीत. बिब्याने टाळूवर फोड येतात. मी ही द्रव्ये वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही.

त्रिमूर्तीनगरची

सर्वांचे आभार. तपासण्या या आठवड्यात करून घेते. डोक्यात कोंडा बराच आहे आणि खाजही येते, हे लिहायचे राहिले. अशा वेळी तेल लावावे का? आणि नस्य घरी करता येते का?

सक्करदरा_वैद्य

कोंडा असताना रोज तेल थापू नका. कफ वाढलेला असताना आणि अजीर्ण असताना अभ्यंग, म्हणजे तेल चोळणे, वर्ज्य सांगितला आहे. आधुनिक मतानुसारही कोंड्यातील मलासेझिया ही बुरशी तेलकटपणावर पोसते, म्हणजे दोन्ही शास्त्रे येथे एकाच बाजूला आहेत. आधी कोंडा आटोक्यात आणा. त्रिफळ्याच्या गार झालेल्या काढ्याने आठवड्यातून दोनदा केस धुवा. तेवढ्याने न भागल्यास वरील डॉक्टरांकडून बुरशीनाशक शांपू लिहून घेण्यात आयुर्वेदाचा कोणताही अवमान नाही. खाज थांबल्यावर स्नानापूर्वी अर्धा तास थोडे तेल बोटांच्या टोकांनी लावावे, नखांनी नव्हे.

डोक्यावर गरम पाणी घेऊ नये, त्याने केस व डोळ्यांचे बळ घटते, असे सांगितले आहे. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी कढतच येते, तेव्हा उन्हाळ्यात केस सकाळी लवकर धुवावेत किंवा पाणी आदल्या रात्री बादलीत भरून ठेवावे.

नस्य वैद्याने एकदा करून दाखवल्यावर अणुतैलाचे दोन-दोन थेंब घरी घालता येतात. सर्दी, ताप, गर्भावस्था किंवा नुकतेच जेवण झाले असताना ते करू नये. तपासण्यांचे कागद घेऊन सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद रुग्णालयात किंवा तुमच्या जवळच्या वैद्याकडे जा. फेरिटिन कमी निघाले तर आधी लोह भरून काढू, औषधी तेल त्यानंतर ठरवू.