'घरातून'ची विभक्ती कोणती? (फिन्निश अनुवादात अडलेय)

कोयरी : फिन्निशवरचा एक लेख मराठीत करतेय आणि विभक्त्यांपाशी गाडी अडलीय. 'तालोस्सा' म्हणजे घरात, 'तालोस्ता' घरातून. 'तालोल्ला' घरापाशी, 'तालोल्ता' घरापासून. अशा १५ विभक्त्या मोजतात. 'तालोस्ता' आणि 'तालोल्ता' दोन्ही पंचमीतच ढकलल्या तर लेखाचा मुद्दाच जातो. त्यांना इंग्रजीप्रमाणे अनुक्रमे इलेटिव, अ‍ॅब्लेटिव असंच ठेवू? संपादिकांना मराठी शब्द हवाय.

तिरफळ : अंतःपंचमी आणि बहिःपंचमी. संपला विषय.

खमंग काकडी : बहिःपंचमी! त्या दिवशी नैवेद्याला काय करतात? इलेटिवच ठेवा हो. टेबल चालतंच ना आपल्याला?

तिरफळ : मेज होतं की.

खमंग काकडी : तेही फारसीच.

गावठाण : हा भेद मराठीत आहेच. 'घरून डबा आणला' आणि 'घरातून खुर्ची आणली', अदलाबदल करून बघा. 'घरातून' म्हणजे सप्तमीच्या 'त'वर पंचमीचा 'ऊन' चढलाय. गंमत म्हणजे फिन्निशमध्येही हेच झालंय. जुना उरली (फिन्निश, हंगेरियन ज्या भाषाकुळातल्या, त्याचा) प्रत्यय नुसता '-ता'. त्याच्या आधी 'स' बसला की आतून, 'ल' बसला की बाहेरून. तो नुसता जुना प्रत्यय ('त' गळून) आज 'कोतोआ'त उरलाय, अर्थ 'घरून'. 'घरी' म्हणजे 'कोतोना', तिथेही जुनाच '-ना'. घर हा शब्द दोन्हीकडे जुने प्रत्यय सोडायला तयार नाही.

कोयरी : हे लेखात तळटीप म्हणून घालते! पण नाव काय देऊ?

सोनचाफा : फिन्निशमध्ये शंभरला 'साता', हंगेरियनमध्ये 'साझ'. हातोडीला 'वासारा' म्हणजे आपलं वज्र. सगळं संस्कृतातूनच गेलंय.

गावठाण : संस्कृतातून नव्हे, त्याच्या आधीच्या इंडो-इराणीतून. आणि उसने शब्द म्हणजे नातं नव्हे. त्याच वाटेने गेलेला 'ओर्या' बघा, आपला 'आर्य'. फिन्निश अर्थ गुलाम.

सोनचाफा : काहीही!

खमंग काकडी : नात्यावरून हंगेरीतही असंच बिनसलं होतं. यानोश शायनोविच हा जेझुइट (ख्रिस्ती धर्मसंघातला) १७६९ मध्ये शुक्राचं अधिक्रमण बघायला नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला, वार्डेला गेला, तिथल्या मासेमार सामी लोकांची भाषा टिपून घेतली आणि १७७० मध्ये ती आणि हंगेरियन एकच असल्याचं छापलं. हूणांचे वंशज म्हणवणाऱ्यांना कोळ्यांची सोयरीक कशी रुचणार? 'माशाच्या तेलाचा वास येणारी भाऊबंदकी' म्हणून नाकं मुरडली.

तिरफळ : भाऊबंदकी म्हणजे भांडण. इथे 'भाऊबंदी' हवं.

खमंग काकडी : आमच्याकडे दोन्ही एकच.

कोयरी : अहो, पण इलेटिव? उद्या लेख द्यायचाय.

तिरफळ : पहिल्याच प्रतिसादात सांगितलंय.

गावठाण : 'घरून' वरून आठवलं. आमची आजी 'घरनं' म्हणायची. मास्तर वहीत लाल शाईने खोडायचे. तुमच्याकडे कोण म्हणतं 'घरनं'?